ऑरेलियाचं तिसरं प्रकरण

प्रश्न क्रमांक तेरापर्यंत डॉ. हेर्मिनिओ नासोल यांचं उत्तम चाललं होतं. विभागात खोल्या किती? दोन. सूक्ष्मदर्शक किती? चार, पैकी चालू तीन. शीतपेटी आहे का? आहे. ती अधूनमधून कण्हते, पण तसं कुणी विचारलं नव्हतं. अर्ज एकतीस पानांचा होता आणि हॉलंडहून आला होता. तिकडच्या एका विद्यापीठाला सान लुकासच्या राज्य विद्यापीठाशी भागीदारी करायची होती. जनुकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक मिळणार, एक इथला, एक तिथला. पंधरवड्यातून एकदा पडद्यावर बैठक, आणि वर्षभर तिकडच्या प्रयोगशाळेत राहून शिकायचं. आबाका म्हणजे दोरखंडाचा धागा देणारी रानकेळ; तिच्या पर्णगुच्छ रोगावर काम करणारी जॉव्हेलिन पाच वर्षं ज्या यंत्राची वाट पाहत होती, तशी यंत्रं तिकडे तीन-तीन होती म्हणे.

चौदावा प्रश्न असा होता: गेल्या तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी सरासरी किती वर्षं लागली? काम अपुरं असल्यास आजवरची वर्षं धरावीत. सरासरी सातच्या वर असल्यास पुढचे प्रश्न सोडवू नयेत.

"दहा," कुलसचिवांच्या कार्यालयातल्या पुरिताबाई म्हणाल्या.

"दहा काय?"

"वर्षं. पाच विद्यार्थी, पन्नास वर्षं. भागाकार मी दोनदा केला, सर."

नासोलांनी कागद ओढून घेतला. सहा, सहा, सात. जॉव्हेलिनची पाच. आणि पाचव्या ओळीत सव्वीस. ऑरेलिया निएवा, नोंदणी जून १९९८, सद्यस्थिती: चालू.

एप्रिलचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. नासोलांनी ती ओळ उन्हात धरून पुन्हा वाचली. ऑरेलिया त्यांची पहिली विद्यार्थिनी. कातांदुआनेस बेटावरून परत येताना तिची बोट उलटली, त्याला एकवीस वर्षं झाली होती. बाकीचे सगळे सापडले होते, कुणी जिवंत, कुणी नाही. ती तेवढी सापडली नव्हती.

"पुरिताबाई, ती चालू कशी असेल?"

"दर ऑगस्टला नोंदणीचा अर्ज येतो, सर. सहीसकट."

त्यांनी फाइल पुढे सरकवली. बोट उलटल्यानंतरचे एकवीस अर्ज, एकाखाली एक. प्रत्येकावर तीच बारीक, उभी सही, नावातल्या इंग्रजी 'ए'ची शेपटी डावीकडे वळलेली. अक्षर एकवीस वर्षांत जरासुद्धा म्हातारं झालं नव्हतं. नासोलांची स्वतःची सही एव्हाना तीनदा बदलली होती.

"तिची बहीण करत असेल," ते म्हणाले.

"असेल," पुरिताबाई म्हणाल्या. "मी हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. नाव काढायचं तर तिचा अर्ज आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला आणा. दोन्हींपैकी कुठलंही चालेल, आमचा काही आग्रह नाही."

आता पीएच.डी. झालेल्या माणसाला, तेही एकसष्टाव्या वर्षी, एका विद्यार्थिनीला मृत ठरवण्यासाठी वणवण करावी लागणं हे प्रतिष्ठेला धरून नव्हतं. नासोलांना ते फार लागलं. पण जॉव्हेलिन दाराशी उभी होती आणि तिने नुसतं "काय झालं, सर?" असं विचारलं होतं. तिने डिसेंबरात दिलेलं दुसरं प्रकरण त्यांच्या टेबलावर चहाच्या डब्याखाली होतं. तिच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्यांना जमलं नाही. "किरकोळ आहे," असं म्हणून ते बाहेर पडले.

नगरपालिकेत जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा कारकून रोलांदो हा माणूस स्वभावाने आनंदी होता. मृत्यूचा दाखला हवा तर देह हवा, देह नसेल तर न्यायालयाचा हुकूम हवा, हुकुमासाठी वर्तमानपत्रात जाहिरात हवी आणि जाहिरातीनंतर सहा महिने कुणी हरकत घेता कामा नये, हे सगळं त्याने एखाद्या सहलीचा कार्यक्रम सांगावा तसं सांगितलं.

"हरकत कोण घेणार?" नासोलांनी विचारलं.

"बहुतेक वेळा ज्याचा दाखला असतो तोच घेतो." रोलांदोने नोंदवही उघडली. "निएवा, ऑरेलिया. हे बघा, ही तर मागच्याच आठवड्यात जन्मदाखल्याची नक्कल घेऊन गेली आहे. कारण: पदवीसाठी. ही सही."

'ए'ची शेपटी डावीकडे वळलेली होती. सहीवर पाण्याचा एक थेंब पडून शाई थोडी फुटली होती.

"कोण आलं होतं? म्हातारी बाई?"

रोलांदो आठवू लागला. आठवता आठवता त्याचा आनंद जरा कमी झाला. "सर, खरं सांगू का? कुणीतरी आलं होतं एवढं आठवतं. पिवळं काहीतरी होतं. नंतर फरशी पुसावी लागली, तेही आठवतं."

संध्याकाळी ही हकिगत शेजारच्या मानोय बाल्ताझारांच्या कानी गेली, म्हणजे सबंध गल्लीच्या कानी गेली. बाल्ताझार जकात खात्यातून निवृत्त झालेले, वयाने थोरले म्हणून सगळ्यांचे मानोय, म्हणजे दादा. त्यांना एकदा पेन्शनच्या कचेरीने चुकून मृत ठरवलं होतं आणि आपण जिवंत आहोत हे पटवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. त्यामुळे या विषयावर गावात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"हेर्मिनिओ, मला मारायला त्यांना एक टपालाचं तिकीट पुरलं," ते म्हणाले. "आणि तुझी ही पोरगी खरोखर गेलेली, तरी मरत नाही. म्हणजे कागदात कुठेतरी तिचं काम अडलंय. माणूस असा उगाच राहत नाही. मीसुद्धा त्या दोन वर्षांत सारखा कचेरीतच असायचो."

"तुम्ही जिवंत होता, मानोय."

"ते तुला माहीत. कचेरीला कुठे माहीत होतं? तिथले लोक माझ्याकडे बघायचे ना, ते कसे बघायचे, मला आठवतं." बाल्ताझारांनी खुर्ची पुढे ओढली. "तू बहिणीकडे जा. जाताना पिलीच्या बियांची वडी ने. रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

नासोलांच्या बायकोचं, एस्तेरचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, "बहिणीकडे मी एकवीस वर्षं सांगतेय जा म्हणून. वडी तर तेव्हाही मिळत होती."

ऑरेलियाच्या थोरल्या बहीण कॉन्सोर्सिया निएवा, गावाच्या मानाय म्हणजे ताई, आबाकाच्या मळ्याच्या कडेला एकट्या राहत. सत्तरी गाठलेली, पाठ ताठ. नासोल पोचले तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. वारा नव्हता. दोरीवर सोललेला धागा वाळत होता, माणसाच्या पांढऱ्या केसांसारखा, आणि वारा नसताना त्यातली एकच लड हलत होती.

"या सर. जेवायला बसा," मानाय म्हणाल्या. जणू ते काल येऊन गेले होते.

टेबलावर तीन पानं मांडलेली. नारळाच्या दुधातली अळवाची भाजी, तळलेला मासा, भात. नासोलांना वाटलं, तिसरं पान कुणा मजुराचं असेल. त्यांनी घसा साफ केला आणि रस्ताभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं: भागीदारी, हॉलंड, सरासरी, सात वर्षं, जॉव्हेलिनचं भविष्य. भाषण चांगलं होतं. मानाय माशाचे काटे काढत ऐकत होत्या.

"म्हणजे तिचं नाव काढायचं."

"कागदावरून फक्त, मानाय."

"ती दुसरीकडे कुठे आहे, सर?"

नासोलांनी भात कालवला. "ते अर्ज... तुम्हीच भरता ना?"

"भरते मी. सही ती करते. रोज सकाळी कॉलेजला जाते, दुपारी जेवायला येते. आज तुम्ही आहात म्हणून लाजली असेल." मानायनी तिसऱ्या पानातल्या भाताकडे पाहिलं आणि भांड्यातला आणखी थोडा वाढला. "मला एकच विचारते ती. इतकी वर्षं झाली, तेच विचारते. सरांनी वाचलं का गं?"

नासोलांच्या घशात माशाचा काटा अडकला. तो खरोखर अडकला होता. मानायनी भाताचा गोळा गिळायला दिला, पाठीवर थापटलं, आणि निघताना केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या सुमानची जुडी हातात दिली. वडीचा पुडा द्यायचा राहिलाच. तो त्यांच्या मांडीवर घामाने मऊ होऊन गेला होता. फाटकाशी त्यांनी मागे वळून पाहिलं. ओसरीच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते, आत जाणारे. ऊन असं होतं की त्यातलं शेवटचं पाऊल त्यांच्या डोळ्यांदेखत वाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला हॉलंडवाल्यांशी पहिली बैठक होती. नासोलांनी ठरवलं होतं, झालं ते सगळं सरळ सांगायचं आणि सवलत मागायची. खोलीत ते आणि जॉव्हेलिन दोघंच. मागे लोखंडी कपाट, खिडकी आणि खिडकीत स्वच्छ उन्हातला ज्वालामुखी. पडद्यावर प्राध्यापक विलेम तेरहॉर्स्ट आले. लांब, गुलाबी, कमालीचे सभ्य गृहस्थ.

"नमस्कार डॉ. नासोल. दोन्ही विद्यार्थिनी आल्यात, छान," ते म्हणाले.

नासोल हसले. जॉव्हेलिन हसली. मग दोघं हसायचे थांबले.

"मागे बसलेल्या बाईंचं नाव कळेल का? इतिवृत्तात लिहायला. पिवळा ब्लाउज."

जॉव्हेलिन मागे वळली नाही. तिने टेबलाची कड धरली. नासोल मात्र वळले. कपाट होतं, खिडकी होती. कपाटासमोरची फरशी ओली होती.

आता इथे कुणीही म्हणेल, की त्यांनी स्पष्ट सांगायला हवं होतं, तिथे कुणी नाही म्हणून. पण पहिल्याच भेटीत पाहुण्याला, तेही परदेशातल्या, तुम्हाला चुकीचं दिसतंय असं तोंडावर सांगायचं, हे नासोलांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"ऑरेलिया," ते म्हणाले. "ऑरेलिया निएवा."

"सुंदर. तुमच्याकडे पाऊस चालू आहे वाटतं? केस ओले दिसतात त्यांचे."

"कधीकधी असतो," नासोल म्हणाले. खिडकीबाहेर ऊन रणरणत होतं.

बैठक संपल्यावर जॉव्हेलिनने वही मिटली. मग म्हणाली, "सर, कपाटाजवळून गेलं की मी नेहमी 'जरा सरकते हं' म्हणते. पहिल्या वर्षापासून. का म्हणते ते मला कधी कळलं नाही."

जिला कागदावरून काढायला निघालो होतो, तिला आपणच दुसऱ्या देशाच्या कागदावर चढवून बसलो, हे नासोलांच्या रात्री जेवताना लक्षात आलं. पुढच्या पंधरवड्यात प्रकरण आणखी वाढलं. दुसऱ्या बैठकीत तेरहॉर्स्ट जॉव्हेलिनशी अर्धा तास बोलले आणि मग नासोलांच्या खांद्यावरून मागे पाहत ऐकत राहिले. मधे मान डोलावली, काही टिपून घेतलं. खोलीत फक्त शीतपेटी कण्हत होती.

"फार मोलाचा मुद्दा," ते अखेर म्हणाले. "डॉ. नासोल, या मुलीने जंगली आबाकाच्या एका वाणाबद्दल जे सांगितलं, ते खरं असेल तर पर्णगुच्छावरची अर्धी लढाई संपली. जॉव्हेलिनचं कामही याच पायावर उभं राहील. सगळं तिसऱ्या प्रकरणात आहे म्हणते. ते मला पाठवा. करारावर सही करण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीचं निदान एक प्रकरण दोन्ही मार्गदर्शकांनी वाचलेलं हवं, समासातल्या शेऱ्यांसह. नियमच आहे तो."

"पाठवतो," नासोल म्हणाले. टेबलाखाली त्यांचा हात पट्ट्याच्या किल्लीवर गेला. ते हॉलंडला दिसलं नसावं.

कपाटाची एकच किल्ली होती आणि ती त्यांच्या पट्ट्याला असे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी ती फिरवली. जुन्या प्रश्नपत्रिका, उंदरांनी खाल्लेला पृथ्वीचा गोल, आणि सगळ्यात खाली तपकिरी पाकीट: प्रकरण तिसरे, ऑरेलिया निएवा, ९ मार्च २००१. ब्याण्णव पानं. समासात नासोलांच्या लाल शाईतले शेरे होते, पान अकरापर्यंत. अकराव्या पानावर 'मुद्दा चांगला, पण' एवढं लिहून वाक्य तसंच सोडलेलं होतं. पण काय, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: सर, इथे आपलं मत? खाली तारीख, जून २००१. अठराव्या पानावर: सर, ही आकडेमोड बरोबर आहे ना? जानेवारी २००२. पंचविसाव्यावर: सर, सवड झाली की पाहाल. मे २००३. बोट उलटली ती त्याच महिन्यात. तोवर टेबलावर असलेलं पाकीट त्यांनी त्यानंतर कपाटात कुलूपबंद केलं होतं.

नासोलांनी पान उलटलं. सर, हा वाण मी पुन्हा तपासला, बरोबर आहे. ऑक्टोबर २००६.

ते उठून उभे राहिले. पुन्हा बसले. २००९. २०१२. २०१६ साली तिने एक जुनी चूक स्वतःच दुरुस्त केली होती आणि क्षमा मागितली होती. शेवटच्या पानावर, संदर्भांच्या यादीखाली: सर, आता बहुतेक वेळ आली. तारीख गेल्या गुरुवारची होती. कागद त्या जागी दमट होता.

माणूस घाबरला की पळतो. नासोलही पळाले असते, पण त्यांना त्याहून वाईट काहीतरी झालं होतं. ते वाचायला लागले होते. आणि काम उत्तम होतं. तेवीस वर्षांपूर्वी, तीन चालू सूक्ष्मदर्शकांपैकी एकावर, या मुलीने डोंगराच्या एका उतारावरची चाळीस झाडं रोपामागून रोप वाढवून, रोग न लागणारा वाण हुडकून काढला होता. ज्याच्यामागे जॉव्हेलिन पाच वर्षं धावत होती, तो या पाकिटात बसला होता, आणि पाकिटाची किल्ली एका माणसाच्या कमरेला होती.

तीन दिवस ते विभागातच बसून राहिले. प्रत्येक प्रश्नाला लाल शाईत उत्तर लिहिलं. २००२ च्या आकडेमोडीखाली लिहिलं: बरोबर आहे. पंचविसाव्या पानापाशी मात्र पेन थांबलं. त्यांनी जॉव्हेलिनला हाक मारली.

"बस. तुला एक सांगायचंय." त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "ती दर सोमवारी यायची. वाचलं का विचारायची नाही, नुसती दाराशी उभी राहायची. मला ते सहन होईना. दोन वर्षं झाली होती. वाचलं नाही म्हणायची लाज वाटायची. म्हणून एक दिवस म्हटलं, बेटावरचे आणखी वाण आण, त्याशिवाय पुरं होणार नाही. तेवढेच दोन आठवडे मिळतील असं वाटलं. कसल्याही वाणांची गरज नव्हती."

"सर, माझं प्रकरण चहाच्या डब्याखाली आहे," जॉव्हेलिन म्हणाली. "मी सोमवारी येत नाही, कारण मला भीती वाटते तुम्ही मला कुठेतरी पाठवाल."

नासोलांनी डबा उचलला. पहिल्या पानावर गोल डाग पडला होता. प्रकरण त्यांनी पिशवीत घातलं आणि त्या दिवशी घरी एस्तेरने तीनदा जेवायला बोलावलं तरी ते शेवटच्या पानापर्यंत उठले नाहीत.

ऑरेलियाचं प्रकरण वाचून तेरहॉर्स्ट इतके हरखले, की त्यांनी उरलेला प्रबंधही मागवला आणि तोंडी परीक्षेची तारीखच कळवली. बाकीची प्रकरणं कपाटात आणखी शोधल्यावर सापडली. ती आधी तिथे होती का, हे नासोलांनी स्वतःला विचारलं नाही. मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता परीक्षा ठेवली. इतिवृत्त लिहायला पुरिताबाई आल्या, कारण नियमाप्रमाणे कार्यालयाचं माणूस लागतं. मानाय कॉन्सोर्सिया चर्चला जायच्या पोशाखात, हातात पंखा घेऊन मागच्या बाकावर बसल्या आणि शेजारी एक जागा सोडली.

पडद्यावर दोघं परीक्षक होते. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. थांबण्यात कधी मिनिट जाई, कधी पाच. दोघं एकाच बिंदूकडे बघत, लिहून घेत, एकदा तर दोघंही हसले. खोलीत छतावरचा पंखा तेवढा फिरत होता. पाचव्या प्रश्नाला पुरिताबाईंनी नासोलांच्या कानाशी तोंड नेलं.

"सर, मी काय लिहू?"

"उमेदवाराने उत्तर दिलं, असं लिहा."

"समाधानकारक?"

"त्यांच्या तोंडाकडे बघा ना. समाधान दिसतंय."

पुरिताबाईंनी लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही. तीस वर्षांची नोकरी होती.

शेवटचा प्रश्न मार्गदर्शकाने विचारायचा असतो. नासोल उठले. बाकाकडे तोंड करून उभे राहिले आणि आपल्या बिकोल बोलीत बोलले, म्हणजे हॉलंडला कळणार नाही.

"ऑरिंग, त्या वाणांची काही गरज नव्हती. तुझं काम पुरं होतं. मी वाचलं नव्हतं, म्हणून तुला पाठवलं. हे तुला माहीत होतं का?"

पंखा फिरत राहिला. मग त्याचा आवाजही येईनासा झाला, पण पाती फिरत होती. खोलीत समुद्राचा वास आला, खारट, गार. नासोलांना वाटलं, आपण एवढे वयस्कर, एवढे शिकलेले, आणि हात कुठे ठेवावेत हेसुद्धा कळत नाही.

"भाषा कळली नाही," तेरहॉर्स्ट हळू म्हणाले, "पण त्यांनी मान हलवली."

"हो म्हणाली," मागून मानाय म्हणाल्या. त्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे कान देऊन ऐकत होत्या. "माहीत होतं म्हणाली. पुढचंही काहीतरी म्हणाली, सर. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते आमचं घरचं आहे."

नासोल खाली बसले. त्यांना ते कळलं पाहिजे होतं. आयुष्यात दुसरं काही नाही कळलं तरी चाललं असतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मानायनी पुन्हा सांगितलं नाही.

ऑरेलिया निएवा उत्तीर्ण झाली. आणि सरासरी तरीही दहाच राहिली. पुरिताबाईंनी भागाकार तिसऱ्यांदा केला. पीएच.डी. पुरी झाली तरी वर्षं सव्वीस ती सव्वीसच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जॉव्हेलिनचा चेहरा उतरला.

"आमच्या नियमात एक सोय आहे," तेरहॉर्स्ट अवघडून म्हणाले. "उशीर मार्गदर्शकामुळे झाला असेल आणि त्याने तसं लेखी दिलं, तर ती वर्षं विद्यार्थ्याच्या खात्यात धरत नाहीत. पण तसं आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. मी समजू शकतो."

विभागप्रमुख, विद्यापीठाच्या तीन समित्यांचे अध्यक्ष, गावातल्या चर्चच्या बांधकाम मंडळाचे सल्लागार डॉ. हेर्मिनिओ नासोल यांनी कोरा कागद मागितला. त्यावर लिहिलं: मार्च २००१ ते मे २०२४, तेवीस वर्षं, विलंबाचं कारण मी. खाली सही केली. चौथ्यांदा बदललेली सही होती ती, जराशी हललेली.

"तेवीस गेली की राहतात तीन," पुरिताबाई म्हणाल्या आणि त्यांचं पेन थांबलं. "सर, तीन वर्षांत आपल्याकडे कुणाचीच झालेली नाही. ही पहिलीच."

सरासरी साडेपाचच्याही खाली आली. करार झाला, जॉव्हेलिनचं तिकडे जायचं पक्कं झालं. पदवीचा कागद मानायनी दोन्ही हातांनी घेतला.

जूनमधल्या बैठकीत तेरहॉर्स्ट पडद्यावर आले आणि नेहमीसारखे नासोलांच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. "आज तुम्ही दोघंच?"

नासोलांनी वळून पाहिलं. फरशी कोरडी होती. कपाट साधं कपाट दिसत होतं आणि जॉव्हेलिन त्याला पाठ टेकून बसली होती. ही बातमी आनंदाची असूनही त्यांना खोली फार मोठी वाटली.

"हो. ती गेली."

"अभिनंदन. कुठे? आम्हाला प्रत्येक विद्यार्थ्याची पुढची नोंद ठेवावी लागते."

पाहुण्याला तोंडावर काय सांगणार? "समुद्रापलीकडे," नासोल म्हणाले. पुरिताबाईंनी नंतर रकान्यात लिहिलं: परदेशी.

ऑगस्ट उलटला, नोंदणीचा अर्ज आला नाही. एका सकाळी नासोल मासळीबाजारात उभे होते, पुढे मानाय कॉन्सोर्सिया. मासेवाली त्यांना एकच मासा का घेता म्हणून विचारत होती, नेहमी दोन घेता.

"धाकटी डॉक्टर झाली ना," मानाय म्हणाल्या. "परदेशी गेली."

"हो का? बरं झालं. माझा मुलगा दुबईला, सून तैवानला. तुमची कधी येणार?"

"आता नाही यायची."

"एकदा चांगलं मार्गाला लागलं की कोण येतं हो," मासेवाली म्हणाली आणि मासा पानात बांधला. "पण मानाय, तुमची बरीच रखडली होती, नाही?"

मानायनी मागे उभ्या असलेल्या नासोलांकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग पिशवी उचलली.

"सर कामात होते," त्या म्हणाल्या, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.